एक वेलांटी

गुरम्माला कशाची भीती वाटत नाही, असं नवी पेठेत सगळे म्हणत. कापडाच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसून ती भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नुसत्या नजरेनं गार करी. पण ग्रहण आलं की हीच बाई विळी-सुऱ्या ट्रंकेत कोंडून कुलूप लावी आणि देवापुढं थरथरत बसे. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला, पोटुशी असताना, तिनं ग्रहणात वांगं चिरलं होतं. मग संगमेश झाला तो पांढराफटक. त्याला सारखं रक्त चढवावं लागे, आणि शाळेचं तोंड बघायच्या आधीच तो गेला. आपणच पोराला मारलं, हे ती उभा जन्म गिळून होती.

एके दिवशी दुकानाच्या माडीवर नात काव्या कॉलेजचा अभ्यास मोठ्यानं वाचत होती. काव्या म्हणजे थोरल्या लेकीची, धनलक्ष्मीची मुलगी, आणि गुरम्माची होणारी सूनसुद्धा. ती पाळण्यात असतानाच गुरम्मानं तिला धाकट्या बसवेशसाठी, म्हणजे तिच्या सख्ख्या मामासाठी, मागून ठेवलं होतं. यांच्यात रीतच तशी. गुरम्माचा नवराही तिचा मामाच.

"उत्परिवर्तन म्हंजी काय गं?"

"अज्जी, शरीर घडवायचा मजकूर पेशीपेशीत असतो. त्याची नक्कल उतरताना कधी एखादं अक्षर चुकतं. ‘रक्त’ला एक वेलांटी लागली की ‘रिक्त’ होतं, तसं. पुष्कळ चुकांनी काहीच बिघडत नाही. पण थॅलेसेमिया नावाच्या आजारात अशाच एका चुकीनं रक्तच नीट बनत नाही."

"लेकरू पांढरं पडतंय? सारखं रक्त लागतंय?"

"हो. आईकडून एक प्रत येते, बापाकडून एक. एक धड असली तरी भागतं. दोन्ही चुकलेल्या आल्या तर आजार."

"आन् ग्रहणात काय चिरलं तर?"

काव्या हसली. "त्यानं अक्षर बदलत नाही अज्जी!"

गुरम्माच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि लगेच दुसरा चढला. दोन्हीकडून! तिचं तर माहेर-सासर एकच घर. एकाच पूर्वजाची चूक दोन्ही वाटांनी संगमेशपर्यंत आली असणार. त्यापेक्षा ग्रहण परवडलं, ते निदान सुटतं तरी. हे रक्तात बसलेलं. धनलक्ष्मीत असेल, बसवेशमध्ये असेल, या हसणाऱ्या पोरीतही असेल. तिनं काव्याला संगमेशचं सगळं सांगून टाकलं, आणि काव्याचं हसू मावळलं.

काव्या आणि बसवेश, दोघांनी रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत गुरम्माला घास गिळवेना.

काव्यानं गल्ल्याशी उभं राहून रिपोर्ट वाचले. "दोघांतही एकेक प्रत चुकलेली आहे. आम्हांला काही होणार नाही. पण लग्न केलं तर प्रत्येक खेपेला लेकराला चारात एक धोका. पोटात असताना तपासता येतं की, अज्जी..."

"आन् निकाल येईपत्तुर तू काय करशील? दर खेपेला भीत बसशील. मी बसले तशी."

कापडाची घडी घालणारा बसवेश थांबला. गुरम्मानं त्याच्याकडं बघितलं, गिऱ्हाइकाला गार करणाऱ्या त्याच नजरेनं.

"मीच मागितली हुती, मीच मोडते. बसवेश, आजपास्नं काव्या तुजी भाची हाय. नुसती भाची."