संयुक्त विधेय आणि सुतकाची चटई

काका मागच्या महिन्यात गेले. तेव्हापासून मी वाचायला बसतो आणि दोन पानांत उठतो. लिहितानाही तसंच होतं आहे.

मी मॅट्रिकला असताना आई गेली. आमचा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता. मोहफुलांचे दिवस, तिने वाळत घातलेली फुलं अंगणात तशीच पडली होती. बाबा आधीच वारले होते, म्हणून अग्नी मी दिला. आमच्या घरची रीत अशी की अग्नी देणाऱ्याने दहाव्यापर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही आणि दिवसा त्याची चटई रिकामी राहू द्यायची नाही. इंग्रजीचा पेपर मात्र त्याच दिवसांत, तिरोड्याला. तो चुकला तर वर्ष जाणार होतं, आणि एकदा धानाच्या बांधीत उतरल्यावर मला शाळेत परत कोण पाठवणार?

आदल्या दिवशी इंग्रजीचे गुरुजी सायकलने आले. दाराबाहेर बसले आणि तिथूनच इंग्रजी व्याकरणासाठी वाक्यं घालू लागले.

"शेतकऱ्याने धान कापलं आणि घरी नेलं. सब्जेक्ट?"

"शेतकरी."

"कामं?"

"दोन. कापलं, नेलं. कंपाउंड प्रेडिकेट."

"शेतकऱ्याने कापलं आणि बायकोने नेलं?"

"नाही. तिथे सब्जेक्ट वेगळे."

मी भराभर उत्तरं देत होतो. थांबलो की लक्ष चुलीकडे जायचं.

आत्या आतून कडाडली, "मायची राख थंडी नाई झाली, अन् हा इंग्रजी बोलून राहिला!"

गुरुजी काकांना म्हणाले, "उद्या पाठवा याला."

"अन् चटईवर कोन बसल, गुर्जी? तुमी?" काका म्हणाले.

गुरुजींनी सायकल काढली.

सकाळी काका आंघोळ करून आले. "ऊठ," म्हणाले, आणि स्वतः चटईवर बसले.

"दादा, असं कुठं राहते काय?" आत्या म्हणाली.

"माही वहिनी नोहोती काय ते? तू चूप राय."

पेपरात तसलीच वाक्यं होती. वेळेआधीच लिहून झालं, पण बसवेना. उठलो आणि चालत घरी आलो. काका चटईवरच होते, गुडघा चोळत.

"जमला?"

"जमला."

"अजून हायेत का?"

"उद्या गणित."

मला वाटलं, आता उठतील. त्यांनी फक्त मांडी बदलली.

"तं तिकडे वाचाले बस. मी काई उठत नाई."