ठराव होईपर्यंत पळणारी गाडी

अक्का गेल्याचा माझ्या मुलाचा फोन आला तेव्हा मी मिक्सरला शिव्या घालत होते. तो अडून बसला होता, आणि अक्का बीडच्या दवाखान्यातून घरी आली की बघेल म्हणून मी कुणाला हात लावू दिला नव्हता... महिना होत आला. मिक्सर तसाच आहे.

अक्का माझी थोरली नणंद. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परतलेली, बीडला एका मुसलमान मिस्त्रीच्या हाताखाली पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकलेली, आणि हे सगळं येईल त्याला ऐकवणारी. नम्रपणा तिच्या अंगाला कधी लागला नाही. मी लग्न होऊन लिंबागणेशजवळच्या या गावात आले ते दुष्काळाचं वर्ष. विहिरींचं पाणी तळाला गेलेलं. आमच्या पाणीपुरवठा सोसायटीच्या मोटारी कोरड्या फिरून जळायच्या आणि बीडच्या दुकानात नंबर लावून पडायच्या. तोवर इकडं मोसंबीची झाडं वाळायची. अक्का सोसायटीच्या सभेत म्हणाली, मोटारी मला द्या. सभा हसली. चेअरमनच्या टेबलावर मुंबईहून आणलेली विजेवरची खेळण्यातली आगगाडी असायची, बीडला रेल्वे येणार या आशेवर मांडलेली. ती दोन हात पळायची आणि थांबायची. चेअरमन म्हणाले, पुढच्या सभेत ही न थांबता चालवून दाखव, मग मोटारी तुझ्या.

गाडी रुळांसकट घरी आली. आधी बाहेरून बघायचं, पोट शेवटी फाडायचं, हा अक्काचा नियम. तिनं तारा हलवून बघितल्या, चाकं पुसली, रूळ रॉकेलच्या फडक्यानं लख्ख केले. संध्याकाळी गाडी पळाली, सकाळी अडली. पुन्हा पुसली, पुन्हा पळाली, सकाळी पुन्हा अडली. वीज रुळातून चाकात चढते, मधे धूळ आली की गाडी उपाशी राहते, असं तिनं मला समजावलं. मी शहाण्यासारखी मान डोलावली. मला कळलं ते एवढंच, की गाडीला कसली तरी बाधा आहे. धूळ बसू नये म्हणून अक्का रुळांवर पाट्या पालथ्या घालायची. मी पहाटे अंघोळ करून पाट्या उचलायची, रुळांना आणि चाकांना गणपतीचा अंगारा चोळायची आणि पाट्या होत्या तशा झाकून ठेवायची. इतकी नीटनेटकी सून होते मी.

सभेच्या दिवशी सकाळी गाडी अडली तेव्हा अक्कानं पेचकस उचलला. आता पोट फाडायचंच राहिलं होतं. मग काय वाटलं कोण जाणे, रुळावर बोट फिरवून तिनं ते नाकाशी नेलं.

"इमल, ह्या फुफाट्याला उदबत्तीचा वास कावून येतोय गं?"

मी पदराचं टोक चावत सगळं सांगितलं. पेचकस माझ्याच अंगावर येणार असं वाटलं. पण ती हसत हसत खालीच बसली. म्हणाली, "अंगारा टपावर लाव. तिथं कितीबी देव बसव, गाडी पळती."

आणि पळाली. चेअरमन हिशेब वाचायला लागले तरी गाडी त्यांच्या कागदांना वळसे घालतच होती. त्यांनी बंद कर म्हटलं, तर अक्का म्हणाली, "ठराव लिहा, मंग बंद करते." ठराव झाला, आणि त्यात तिनं आपल्या नावापुढे 'मिस्त्री' लिहून घेतलं. त्या उन्हाळ्यात सोसायटीची एकही मोटार बीडला गेली नाही. पुढं धारूरकडचे लोकसुद्धा गाडीत मोटार घालून आमच्या दारात यायचे, आणि मी चहा देताना ऐटीत विचारायची, आधी फ्यूज बघितला का?

गेल्या आठवड्यात सोसायटीनं दुखवट्याची सभा ठेवली होती. ठरावाचा मसुदा वाचला गेला. प्रेमळ, धर्मपरायण, सोशिक... सोशिक ऐकून मला ठसका लागला. तेव्हापासून आमच्याच घरी राहिलेली ती गाडी मी पिशवीतून काढली, टेबलावर रूळ जोडले, बटण दाबलं. दोन हात पळून ती थांबली. सगळे खाली बघायला लागले. मी रुळावर बोट फिरवून नाकाशी नेलं. नुसता फुफाटा. या खेपेला माझा हात नव्हता. पदरानं रूळ पुसले, टपावर अंगाऱ्याचं बोट टेकवलं, आणि गाडी सुटली ती थांबेचना.

बऱ्याच वेळानं नवे चेअरमन हळूच म्हणाले, आजी, आता बंद करा.

मी म्हटलं, "मिस्त्री लिहा, मंग बंद करते."