चॉकलेटी अंडं आणि आमचा लाल्या

कोंबड्यांना लस द्यायला घरोघर फिरणाऱ्या बाईला किश्श्यांची कधी कमतरता पडत नाही. मी आमच्या गावची पशुसखी. माझ्या एका हातात बर्फ घातलेला थर्मास, दुसऱ्या हातात ड्रॉपर आणि समोर कोंबडीमागे पळणारं अख्खं घर. कोंबडी सापडेपर्यंत चहा होतो, चहा होईपर्यंत गावातल्या चार गोष्टी कळतात आणि मग बर्फ वितळायच्या आत पुढचं अंगण गाठायची माझी धावपळ होते. गोष्टी अशाच साठत जातात. पण अलीकडच्या माझ्या सगळ्या गोष्टी एकाच विषयाभोवती फिरतात, तो म्हणजे अंड्याचा रंग. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात त्याआधी हा विषय कुणी डोक्यातही घेतला नव्हता.

सुरुवात केली रंजनाने. रंजना ही माझ्या शेजारची सून, आमच्या बचत गटातली सगळ्यात धडपडी. जंगलाच्या गेटाजवळ एक होम-स्टे आहे, तिथल्या नाश्त्याला ती अंडी द्यायची. आमच्या गावठी कोंबडीचं अंडं लहान, पांढुरकं, दुधात चहाचे दोन थेंब पडल्यासारखं. एक दिवस पुण्याच्या एका पाहुण्या मॅडमनी ते हातात घेऊन सांगून टाकलं, "हे गावठी नाहीये. गावठी अंडं ब्राऊन असतं."

रंजना काही ऐकून घेणारी नाही. ती घरी आली, कोंबडी काखोटीला मारली आणि नेऊन थेट मॅडमच्या टेबलावर उभी केली. मॅडमनी चष्मा लावून कोंबडीला पुढून-मागून नीट पाहिलं.

"कोंबडी गावठी आहे हो," त्या म्हणाल्या. "अंडं नाही!"

तिथला मॅनेजर गोंदिया शहरातला. तो म्हणाला, "देखो दीदी, गेस्ट को डार्क ब्राऊन चाहिए, एकदम चॉकलेट जैसा. ला सकती हो तो पूरे सीझन का ऑर्डर तुम्हारा." रंजनाने लगेच हो म्हणून टाकलं आणि मग माझ्याकडे धापा टाकत आली. "ताई, असा अंडा कोनती कोंबडी देते जी?"

* * *

जात निवडायला गटाची बैठक बसली. आमच्या अध्यक्ष सुकवंताबाई. त्या बोलायला लागल्या की तलावापलीकडच्या लोकांनाही बैठकीत काय ठरलं ते कळतं.

"कडकनाथ घ्या," त्यांनी सांगितलं. "कारी कोंबडी, कारं मटन, तं अंडा बी काराच असन. चॉकलेटच्या वरचा रंग!"

कडकनाथची अंडी फिकटच असतात, हे मी सांगितलं. मीच चुना लावून ती फिकट केल्यासारख्या त्या माझ्यावर रुसल्या.

मग रंजनाने मोबाईलवर एक परदेशी कोंबडी दाखवली. तिची अंडी खरोखर चॉकलेटसारखी गडद होती. सगळ्या बायका मोबाईलवर वाकल्या. पण ती थंड मुलखातली, आपल्याकडे कुठे मिळते ते मलाही माहीत नव्हतं. "भेटली तरी मे महिन्यात तिले कूलर लावा लागन," सुकवंताबाई म्हणाल्या. "इथं मलेच नाही."

रंजनाचे सासरे मन्साराम मामा गटात नाहीत, पण बैठक त्यांच्याच पडवीत भरते. ते कोपऱ्यात दोर वळत बसतात आणि सगळं ऐकतात. शेवटी मी लाल रंगाच्या ऱ्होड आयलंड कोंबडीचं नाव काढलं, कारण तिचं अंडं चांगलं गडद असतं आणि आपला उन्हाळाही ती सोसते. तेव्हा मामांनी दोर खाली ठेवला.

"अंड्यावर बसते का?"

"सहसा नाही, मामाजी. तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतील."

"झाडावर चढते का?"

"फारशी नाही."

"शिकरा आला तं पळते का?"

"शिकवावं लागेल."

"मंग तिले कोंबडी कायले मनता?" मामा म्हणाले आणि त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला. "मशीन मना."

तरी तीच ठरली. एवढं मोठं नाव घेत बसायला वेळ कुणाला होता? गावाने तिला 'लालवाली' करून टाकलं.

* * *

पिल्लं आली ती पिशवीतल्या तयार खाद्यावर वाढलेली. रंजनाने कौतुकाने अंगणात तांदळाची कणी फेकली. आमच्या गावठी कोंबड्या तुटून पडल्या आणि लालवाली पिल्लं गारा पडल्यासारखी भिंतीला जाऊन चिकटली!

मामा पडवीतून पाहत होते. गोंदिया जिल्ह्यात जन्म गेलेला माणूस, चारी बाजूंना धानाच्या बांध्या. तांदळाला घाबरणारा जीव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असावा.

"हे आपल्या जिल्ह्यातली नोहोय," ते म्हणाले. "हिले परत पाठवा."

परत कोण पाठवणार? पिल्लं हळूहळू शिकली. त्यातला एक कोंबडा तर असा शिकला की सूप हातात दिसलं की मागे लागायचा. त्याला आम्ही लाल्या म्हणायला लागलो. कोंबडी जेवली की उपाशी आहे हे मी तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपून ओळखते. लाल्याची पिशवी चाचपायला गेलं तर तो माझ्या बोटाला तांदूळ समजून टोचायचा. पोट कितीही भरलेलं असो, चार दाणे दिसले की त्याची मान खाली गेलीच. तो नको म्हणेल अशी वस्तू त्या अंगणात नव्हती.

* * *

लालवाल्या वयात यायला वेळ होता आणि मॅनेजरला घाई होती. त्याचा रोज फोन यायचा. सुकवंताबाईंना रंजनाचा हा त्रास बघवेना. रंजना माहेरी गेली होती तेव्हा त्यांनी कुणालाही न विचारता आपल्या कोंबड्यांची पांढुरकी अंडी काळ्या चहाच्या पाण्यात बुडवून ठेवली, सुकवली आणि होम-स्टेला पाठवून दिली. रंग खरंच झकास आला होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. "दीदी, कलर एक नंबर है. पर ऑमलेट बनाते समय छिलके से इलायची की खुशबू क्यों आ रही है?"

रंजनाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने मॅनेजरला खरं ते सांगून माफी मागितली आणि आपली कोंबडी देईल तेव्हाच अंडं देईन, असा शब्द दिला. मग ती सुकवंताबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. "काकू, असं काऊन केलं जी? अन् केलं तं केलं, वेलची कायले टाकली?"

सुकवंताबाईंना हा प्रश्नच कळेना. "अवो, पाहुण्यायच्या तोंडात जानार होता," त्या म्हणाल्या. "सादा चहा कसा वापरू?"

* * *

लालवालीचं पहिलं अंडं आलं तेव्हा रंजनाने मला हाक मारली ती आग लागल्यासारखी. मी धावत गेले. अंडं होतं गडद तपकिरी, भाजलेल्या मातीच्या रंगाचं, अजून उबदार. रंजना ते दोन्ही हातांत धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं कशाला सांगू, माझ्याही होतं.

तेवढ्यात सुकवंताबाई आल्या. त्यांनी अंडं उचललं, उजेडात धरलं, बोट जिभेला लावून ओलं केलं आणि त्यावर खसाखसा घासलं. मग संशयाने वासही घेतला.

"आजकाल कोनावर भरोसा नाही बापा," त्या म्हणाल्या.

पुढे अंडी येत गेली आणि होम-स्टेची ऑर्डर सुरू झाली. मामा मात्र मशीनचं अंडं खाणार नाही म्हणून अडून बसले होते. एका सकाळी रंजनाने न सांगता एक उकडून त्यांच्या ताटात ठेवलं. त्यांनी ते मीठ लावून खाल्लं, पाणी प्याले, बराच वेळ अंगणात फिरणाऱ्या लालवालीकडे पाहत राहिले.

"उद्या बी देईन का वो ते?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून पहिलं अंडं मामांचं आणि मग होम-स्टेचं, असा त्या घरात नियमच झाला.

* * *

आता रंजनाला पिल्लंही आपल्याच अंगणात काढायची होती. म्हणजे पुन्हा बाहेरून आणायला नकोत आणि गटातल्या प्रत्येकीच्या घरी लालवाली जाईल. त्यासाठी कोंबडा हवा. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडं देते, पण त्यातून पिल्लू निघत नाही. सुरुवातीला कोंबडे बरेच होते. पण आमच्याकडे पाहुणा आला की वरण-भातावर भागत नाही. एक कोंबडा जावयाच्या ताटात गेला, एक विहीणबाईंच्या. एक तर रस्ता चुकून दारात आलेल्या मामांच्या जुन्या मित्रासाठी कापला गेला. "रस्ता चुकला मनून काय झालं," मामा म्हणाले, "घर तं बरोबर भेटलं ना!"

शेवटी उरला एकटा लाल्या. रंजनाने जाहीर करून टाकलं, "आता पंतप्रधान आले तरी डाळच भेटन."

पण पाहुण्यापेक्षा मोठा हक्कदार निघाला. पावसाळ्यात रंजनाची लेक तापाने फणफणली होती. तेव्हा मामांनी देवाला शब्द दिला होता, की नात उठून बसली तर घरचा लाल कोंबडा देईन. नात उठून बसली. आता ती दिवसभर लाल्याच्याच मागे पळत होती. धान घरात आलं, देवाच्या पूजेचा दिवस ठरला आणि घरात लाल कोंबडा होता तो एकच.

मी म्हटलं, बाजारातून दुसरा आणू. मामांनी मान हलवली. "बाजारचा नाही चालत. घरचा बोललो होतो."

 तिच्याच लेकरासाठी दिलेला शब्द रंजना कसा मोडू देणार? तिने फक्त गावठी कोंबडीला अंड्यांवर बसवायला तयार केलेली टोपली उचलून परत फडताळात ठेवली. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

* * *

पूजेच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली देवाच्या ठाण्यावर गेलो. मामांचा पूजा होईपर्यंत कडक उपास होता. रंजनाने लाल्याचे पाय स्वतः धुतले आणि धरायला त्याला माझ्याकडे दिलं.

तिथली रीत अशी, की कोंबड्यापुढे तांदळाचे दाणे टाकतात. त्याने टिपले तर देवाने तो स्वीकारला. नाही टिपले तर देवाला तो नको, मग नारळ फोडून शब्द पुरा होतो आणि कोंबडा घरी जातो. रंजनाने तोंड फिरवून घेतलं. दाण्यांपुढे लाल्या काय करतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मामांनी हात जोडले आणि नवे तांदूळ टाकले. लाल्याने तांदळाकडे पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं. मामांनी आणखी दाणे टाकले, अगदी चोचीजवळ. लाल्याने डोळे अर्धे मिटले आणि तो चक्क खाली बसला.

 मामांनी तिसऱ्यांदा टाकले तेव्हा त्याने मान पाठीकडे वळवून पंखांत खुपसली. माझा हात त्याच्या गळ्याखाली होता. पिशवी दगडासारखी टच्च भरली होती. ती इतकी भरलेली मी एकाही कोंबड्याची पाहिली नाही. मी चमकून रंजनाकडे पाहिलं, तर तिचं तोंड उघडं ते उघडंच. तिला काही ठाऊक असल्याचं दिसेना.

"देवाले नाही पायजे," मामा शांतपणे म्हणाले. "नारळ आना."

घरी आलो तर नात लाल्याला कवटाळून बसली. रंजना सगळ्यांना वाढायला म्हणून आत गेली आणि कालच्या उरलेल्या भाताचं गंज, म्हणजे पातेलं, घेऊनच बाहेर आली. गंज रिकामं होतं.

"मामाजी," ती म्हणाली, "रातच्याले हे भरून ठेवलं होतं. तुमचा तं उपास होता. मंग सकारी भात कोनं खाल्ला जी?"

मामा अंगणात पाय धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"ते देवाले मालूम हाय," ते म्हणाले. "तू लालवालीचा अंडा उकड. मले उपास सोडाचा हाय."