वायर ढिली असन

जे आता सांगणार आहे ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. दोन-तीनदा अगदी ओठापर्यंत आलं होतं — तेव्हा मी चहा ठेवायला उठले. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणून. बहुतेक तेवढंच कारण.

गोष्ट इंजिन ऑइलची आहे. हो, गाडीत टाकतात ते तेल. एका बाईच्या मनात इतकी वर्षं तेल साचून राहावं — मलाही कधी कधी नवल वाटतं.

धामणगाव बढ्यात आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुपारी आमचे हे जेवून आडवे झाले की गल्ल्यावर मी बसते. लग्न होऊन आले तेव्हा मला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. पण उन्हाच्या वेळी गिऱ्हाईक नसतं, मग मी डबे वाचायची. तेलाच्या प्रत्येक डब्यावर आकडे — पंधरा डब्ल्यू चाळीस, वीस डब्ल्यू पन्नास. कशाचे असतील? ह्यांना विचारलं तर म्हणाले, डब्ल्यू म्हणजे वेट, वजन. मग एका तेलाला दोन वजनं कशी? त्यावर ते म्हणाले, तुले काय करा लागते.

पण मला करायचंच होतं. एकदा कंपनीचा सेल्समन आला, तेव्हा चहाचा कप पुढे करता करता विचारून घेतलं. त्याने नीट समजावलं. डब्ल्यू म्हणजे विंटर — हिवाळा. पहिला आकडा गारठ्यातला. तो जितका लहान तितकं तेल थंडीत पातळ राहतं, गाडी चटकन सुरू होते. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला. उन्हात, ओझं घेऊन, घाट चढताना तेल किती दाट राहणार ते तो सांगतो. तेल तिथे पातळ पडलं की लोखंडावर लोखंड घासतं. दोन्ही आकडे त्याने सांगितले. हे ध्यानात ठेवा — दोन्ही.

त्या दिवशी मी काय केलं माहीत आहे? दोन वाट्यांत दोन तेलं घेतली आणि फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवली. संध्याकाळी तिरप्या करून पाहिल्या. एक गुळाच्या पाकासारखं जागेवर बसलेलं, दुसरं सरसर ओघळलं. मला इतका आनंद झाला — शाळेत कधी झाला नव्हता एवढा. सासूबाईंनी वाट्या पाहिल्या, तेव्हा केसांचं तेल आहे असं मी म्हणाले. ते खोटं मी धरत नाही. पुढचं धरते.

विलासभाऊजी माझे धाकटे दीर. आमची जुनी डिझेल पिकअप ते चालवायचे. पहाटे मिरची, वांगी भरून मोताळ्यावरून राजूरचा घाट चढायचा आणि बुलढाण्याच्या बाजारात माल उतरवायचा. घाटावर थंडी किती असते ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. गाडीत ड्रममधलं सुटं, जाड तेल. हिवाळ्यात सकाळी गाडी सुरूच होईना, रोज चार माणसांनी धक्का मारायचा. भाऊजी कधी चिडायचे नाहीत. गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, चाल माय, उशीर होऊन राह्यला.

दुकानात पाच डब्ल्यू तीसचा एक डबा पडून होता. कोणी नव्या पेट्रोल कारसाठी मागवला आणि नेलाच नव्हता. मी म्हटलं, भाऊजी, हे टाकून पाहा. त्यांनी टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात गाडी एका चावीत सुरू झाली. मी खिडकीत उभी होते. भाऊजींनी काचेतून हात जोडून मला नमस्कार केला — थट्टेने नव्हे, मनापासून.

मग काय! गावातले जीपवाले, ट्रॅक्टरवाले मला विचारायला लागले. वहिनी, आमच्यात कोणतं टाकू? हेसुद्धा गिऱ्हाइकाला सांगू लागले, थांबा, तिले विचारतो. मी सगळ्यांना नीटच सांगत होते. जुन्या डिझेल गाडीला पंधरा डब्ल्यू चाळीस — गारठ्यातही चालतं, घाटातही टिकतं. आपल्या भागाला तेच योग्य. मला ते माहीत होतं. सगळ्यांना दिलं. फक्त घरच्या गाडीला दिलं नाही.

का? इथेच मी अडखळते. मार्चमध्ये पिकअपचं तेल बदलायची वेळ आली. चाळीसवालं माझ्या पाठीमागच्या फळीवर होतं. मी मात्र भाऊजींच्या हातात पुन्हा तेच पातळ तेल ठेवलं. तोवर ते मी मागवून घ्यायला लागले होते. थंडीत चाललं, आता उन्हात किती चालतं — मला बघायचं होतं. बस. वाटीतलं पाहून झालं होतं, आता इंजिनातलं पाहायचं होतं. दुसऱ्याच्या गाडीवर हे करायची छाती नव्हती आणि भाऊजी मला कधी काही विचारत नसत.

एप्रिलमध्ये ते दुकानात आले. "वहिनी, घाट चढून गाडी उभी केली की ते तेलाचं लाल लाइट लुकलुक करते."

मला त्याच क्षणी कळलं. तेल तापून पातळ पडत होतं, दाब उतरत होता. सेल्समनने सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच. आणि मी काय म्हणाले?

"वायर ढिली असन, भाऊजी. काही होत नाही."

ते पुन्हा आले, मी पुन्हा तेच म्हणाले. वर हेही म्हणाले, की एवढाच त्रास होत असेल तर वायर काढून टाका. त्यांनी काढून टाकली.

मे महिन्यात लग्नाच्या मंडपाचे लोखंडी पाइप भरून ते घाट चढत होते. वर मंडपवाल्याची दोन माणसं बसली होती. मधल्या वळणावर इंजिन आतून ठोकायला लागलं आणि गच्च बसलं. गाडी मागे सरकली. भाऊजींनी ब्रेक दाबून धरला, माणसांनी उड्या टाकून चाकांमागे दगड लावले. मागचं चाक कठड्यापासून किती लांब होतं ते भाऊजींनी कधी सांगितलं नाही. त्या माणसांनी सांगितलं. खरचटण्यापलीकडे कोणाला लागलं नाही. पण लग्न मंडपाशिवाय, भर उन्हात लागलं.

मोताळ्याच्या मिस्त्रीने इंजिन उघडलं तेव्हा आम्ही तिघंही गेलो होतो. मी हट्टाने गेले. बेअरिंगचा पत्रा घासून तांबडा-काळा झाला होता. खरी कबुली ती आता देते — आधी मला वाईट वाटलं नाही. आधी वाटलं, बरोबर! असंच व्हायला पाहिजे होतं! मी वाकून वाकून पाहत होते, मिस्त्रीला प्रश्न विचारत होते. तो ह्यांना म्हणाला, बाईले लय समजते हो. आणि मला ते आवडलं. माझा दीर मरता मरता वाचला होता, आणि मला ते आवडलं.

मिस्त्रीने तेल बोटांवर चोळून पाहिलं. म्हणाला, "तेलाचं पार पानी झालं. लय दामटली गाडी. अन् लाइटची वायर कोनं काढली?"

"म्या काढली," भाऊजी म्हणाले.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना कळलं होतं का? की आपणच गाडी दामटली असं त्यांना खरंच वाटलं? इतकी वर्षं झाली, मला अजून हे जाणून घ्यायचं आहे. विचारायला जीभ उचलत नाही — विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

ह्यांनी त्यांना नको नको ते ऐकवलं. गाडी दुरुस्त करून विकली. भाऊजींनी कोणी न सांगता लायसन कपाटात टाकलं आणि दालमिलमध्ये पोती मोजायच्या कामाला लागले. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यांच्या मुलीला स्कूटी शिकायची होती तर तिला म्हणाले, काकूकडे जा, माझा पाय जड आहे, मी गाडी दामटतो. मी शिकवली तिला. चांगली चालवते.

दुकानात आजही मी तेल सांगते. माझं चुकत नाही.

आणि घरात चार पाहुणे जमले, कोणी नवी गाडी घेतली, की कोणीतरी म्हणतंच — पेढे द्या, पण विलासच्या हाती चावी देऊ नका. सगळे हसतात. भाऊजीही मान खाली घालून हसतात. गेल्या दिवाळीत हे वाक्य मी म्हणाले.