वायफायचा चोर

बोरी बुद्रुकात वायफायचा चोर पकडणारा पहिला माणूस मी.

झालं असं, की आमच्या आणि शेजारच्या किसनभाऊंच्या घरी एकाच केबलवाल्यानं वायफायच्या डब्या बसवल्या. दोन्हींचं नाव एक, पासवर्डही एकच! ("ध्यानात ठेवायला सोपं, राव," हे त्याचं तंत्रज्ञान.) त्यात माझं नेट रडतखडत चालायला लागलं. किसनभाऊंच्या ओसरीवर मात्र पावणेरावळे मोबाईलवर कुस्त्या बघत बसायचे. माझं डोकंच फिरलं.

"आपलं नेट चोरतायत ते!" मी बायकोला म्हणालो.

"चोरू द्या की. त्यांच्या वावरातली मेथी खाताना कुटं लाजता तुमी?"

पण मी इरेला पेटलो होतो. मोबाईलवरून डबीच्या सेटिंगमध्ये घुसलो, जुना पासवर्ड उडवला आणि इंग्रजी अक्षरांत नवा ठोकला: 'फुकटे चोर'. चहा संपेपर्यंत पलीकडून आरडाओरडा!

"भाऊ, आमचं नेट गेलं वो!" किसनभाऊ धावतच आले.

"तुमचं?" मी मिशीवरून हात फिरवला. "का आमचं?"

"थट्टा नका करू. सोनीची मुलाखत हाये, पुण्याच्या कंपनीची. आत्ता व्हिडिओवर बोलावत्याल. मोबाईलला रेंज न्हाई. पोरीच्या नोकरीचा प्रश्न हाये!"

मागोमाग सोनी आली. डोळ्यांत पाणी. आमच्याच अंगणात खेळून मोठी झालेली पोर, तिला हळूच कानात सांगणार होतो. पण आळी जमली होती ना! मी कट्ट्यावर उभा राहून एकेक अक्षर सांगू लागलो. सोनी टाईप करता करता थबकली.

"काका... 'फुकटे चोर'?"

आळी खो खो हसली. किसनभाऊंचा चेहरा पडला. सोनीला मात्र नेट मिळालं आणि ती घरात पळाली.

"पुढच्या वेळी मागून घेत जा," मी उदारपणे म्हणालो.

तेवढ्यात आतून आई आली. "कशाचं नेट रं? आपल्या डबीची वायर म्या कवाच काढलीया. तितं मिक्सर लावती."

"कवा काढली?"

"कांदा काढणीपासनं."

मी हळूच कट्ट्यावरून खाली उतरलो. म्हणजे इतके महिने माझा मोबाईल किसनभाऊंचंच नेट पीत होता! नाव तेच, पासवर्ड तोच, मला कळणार कसं? आणि आज मी कुलूप घातलं ते त्यांच्याच डबीला! आळी आता माझ्याकडं बघून हसत होती. बायको तर पदर तोंडात कोंबून.

सोनीला नोकरी लागली. पहिला पेढा तिनं माझ्याच हातावर ठेवला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. किसनभाऊही हसत होते.

"झालं गेलं इसरा, भाऊ. राग न्हाई आपला. फकस्त नवा पासवर्ड टाकतोय, तवा जरा तोंड तिकडं करा."

मी निमूट भिंतीकडं तोंड केलं. वर दोन्ही कानांत बोटंही घातली. (न जाणो, नुसत्या टकटकीवरून ओळखला असता!)