दोन बोटं हवा

आमच्या शेजारच्या मिस्त्रीचाचांइतका भिंतींवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या चामोर्शीत सापडायचा नाही. माडीच्या तुळईचं टोक भिंतीत वीतभर शिरलं पाहिजे, लोखंडी पट्टीनं भिंतीला बांधलं पाहिजे आणि टोकाभोवती दोन बोटं जागा मोकळी सुटली पाहिजे, हा त्यांचा कायदा. "लाकडाले बी दम घ्या लागते, मास्तर. कोंडलं की सडते," असं ते मला शाळेच्या वाटेवर अडवून सांगत. कुणाकडेही गेले की रामराम नंतर. आधी स्टुलावर चढून खिशातला टोचा तुळईच्या टोकात खुपसून लाकूड सडलंय का ते बघायचे. माझ्या भाचीचं स्थळ बघायला त्यांना वडीलधारे म्हणून नेलं, तर पोहे यायच्या आधीच स्वारी स्टुलावर! उतरून मुलाच्या बापाला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पन आमच्या पोरीले माडीखाली झोपवू नका." लग्न झालं, आणि व्याह्यांनी निमूटपणे तुळईही बदलली.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात एक तुळई चहूबाजूंनी लिंपलेली होती. चाचीला दमा होता, आणि तिच्या शेवटच्या थंडीत त्या फटीतला वारा थेट तिच्या खाटेवर यायचा. "पाहा मास्तर, दुनियाच्या लाकडाले दम देते हा माणूस, मले काऊन नाई?" ती हसून मला म्हणाली. चाचांनी त्याच दिवशी जन्मात पहिल्यांदा कायदा मोडला. माडी बुटकी, म्हणून खाटेवर उभी राहून ओला गिलावा चाचीनं स्वतः सारखा केला. तिची चार बोटं त्यात उमटली. होळीच्या आधी ती गेली.

त्यानंतर इतक्या वर्षांत त्या तुळईला चाचांनी पुन्हा टोचा लावला नाही. यंदा माडी त्या बाजूनं खचली. दुरुस्ती करा म्हणून लेक चंद्रपूरहून येऊन रडून गेली, तरी चाचा ढिम्म. शेवटी टोचा माझ्या हातात देत म्हणाले, "तुमीच पाहा. माह्यानं होत नाई."

टोचा मुठीपर्यंत आत गेला.

"चाचा, भिंत फोडा लागन," मी म्हणालो.

"नाई."

तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीलगत सागाचा खांब उभा केला, तुळई त्यावर टेकवली आणि भिंतीपासून करवतीनं कापून सोडवली. जन्मभर तुळया भिंतींना बांधत आलेला हा माणूस! भिंतीत राहिला एक सडका तुकडा, आणि त्याच्याभोवती तो गिलावा, जसाच्या तसा.

"आता इथी कायचाच भार नाई, मास्तर," ते म्हणाले. "नुसती ती हाय."

मग त्यांनी आपली खाट ओढून त्या भिंतीला लावली. कापलेलं टोक आणि भिंत यांच्यामध्ये त्यांनी जागा सोडली होती, बरोबर दोन बोटं.