पुढची जागा

शाळेच्या पोरांची रिक्षा चालवायची तर माणसाला मऊ आवाजात खोटं बोलता यायला हवं, आणि सोमनाथ त्यात तरबेज होता. जून लागला की सिडकोच्या गल्ल्यांतून नवी कोरी, हमसून हमसून रडणारी पोरं त्याच्या रिक्षात चढवली जायची. आया दारात ओढणी तोंडाशी धरून उभ्या राहायच्या. मग सोमनाथ मागे वळून म्हणायचा, "आजचा एक दिवस माझ्यासंगं चल. उद्या मम्मीच येणारे सोडायला." पोर हुंदका गिळायचं. उद्या कुणाचीच मम्मी यायची नाही, परवाही नाही. आठवडाभरात पोर विचारायचं थांबायचं, दप्तर बाहेरच्या हुकाला अडकवायचं आणि मुकाट मागच्या फळीवर बसायचं. याला सोमनाथ 'पोर रुळलं' म्हणायचा आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

त्याच्या रिक्षात भांडणं व्हायची ती एकाच जागेवरून. ड्रायव्हरच्या सीटवर, त्याच्या डाव्या अंगाला, एक लहान लेकरू मावेल एवढी जागा होती. तिथून पुढचा सगळा रस्ता दिसायचा, शिवाय हॉर्न हाताशी. "काका, आज मला पुढे बसू द्या ना," असं रोज कुणी ना कुणी म्हणायचंच. सोमनाथचं उत्तर ठरलेलं, "ती जागा बुक हाय." त्याची वेदिका पाळण्यात होती तेव्हापासून ती बुक होती. रविवारी रिक्षा धुताना तो तिला तिथं बसवायचा आणि ती हॉर्न वाजवून सगळी गल्ली उठवायची. गल्लीने तेही सोसलं.

यंदा वेदिका पहिलीत जाणार होती. आजवर ती आईचं बोट धरून मागच्या गल्लीतल्या बालवाडीत जायची. आता शाळा मोठी, इंदिरानगरच्या बोगद्यापलीकडची. ती हर्षालीने, म्हणजे त्याच्या बायकोने, हट्टाने निवडली होती. सोमनाथने एका अक्षराने वाद घातला नाही. तो एवढंच म्हणाला होता, "शाळा तू ठरव. नेणं-आणणं माझं." हर्षाली "बरं" म्हणाली होती. तिचं ते 'बरं' त्याने पक्कं धरलं, इथंच त्याचं चुकलं.

वेळ जमावी म्हणून पवननगरची दोन पोरं त्याने सहादूच्या रिक्षात देऊन टाकली. सहादू म्हणाला, "येडा का तू? बांधलेलं गिऱ्हाईक कुणी सोडतं का?" सोमनाथ नुसता हसला. पुढच्या जागेवर त्याने लाल रेक्झिनची छोटी गादी शिवून घेतली आणि पोरगी घसरू नये म्हणून एक पट्टाही लावला. गादी त्याने वेदिकालाच दाखवली होती. ती गादीवर बसली, पण हॉर्नला तिने हात लावला नाही. मोठी झाली पोरगी, असं म्हणून तो खूश झाला.

शाळेच्या पहिल्या दिवशी तो अंधारातच गॅस भरायला गेला. पंपावर नेहमी मैलभर रांग असते, ती त्या दिवशी नेमकी नव्हती. परतताना त्याने काचेला झेंडूची माळ लावली आणि गल्लीच्या तोंडाशी वळला, तर तिथं पिवळी स्कूलबस उभी. बसच्या पायरीवर दोन वेण्या, लाल रिबिनी आणि पाठीवर नवं दप्तर. खाली डबा हातात घेऊन हर्षाली.

वेदिकाने त्याला पाहिलं आणि चटकन तोंडावर हात ठेवला.

"मम्मी, पप्पा आले. आता बसचं सरप्राइज कसं होणार?"

बसच्या दाराने फुस्स आवाज केला. वेदिका खिडकीत बसली आणि हात हलवू लागली. रडणं नाही, हुंदका नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची रडणारी पोरं शांत केली, त्याला वाटलं होतं, आपलंही थोडं रडेल.

"शाळा तुझी, नेणं माझं, असं ठरलं होतं ना?" तो रिक्षातूनच म्हणाला.

"ठरलं होतं," हर्षाली म्हणाली. "मीटिंगला गेले तेव्हा पाहिलं मी. तिथं एकही पोर रिक्षातून उतरत नाही हो. तिच्याशी कोण खेळेल?"

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

ऐकलं नसतं, हे त्यालाही कळत होतं. पण त्याचं काळीज बायकोपाशी अडकलंच नव्हतं. बायको आहे, ती तिचं पाहणार. वेदिका मात्र शेजारणीने चॉकलेट दिलं तरी धावत येऊन सांगणारी पोरगी. तिने हे पोटात ठेवलं. लाल गादीवर बसून ठेवलं, त्याच्याकडे बघून हसत ठेवलं. केसाने गळा कापला होता आणि कापणारीला त्यातलं काही कळतही नव्हतं. रागवायचं तरी कुणावर?

हर्षाली जवळ आली. त्याच्या चेहऱ्याकडे न बघता तिने काचेवरची माळ सरळ केली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आजचा एक दिवस बसने जाऊ द्या. उद्या तुम्हीच सोडा."

सोमनाथने तो आवाज ओळखला. या गल्लीत त्याच्याइतका तो आवाज दुसरं कोण ओळखणार? तरी त्याने मान हलवली. मान हलवण्यापलीकडे काही करता येत नाही, हे त्याला पोरांनीच दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "आज मी सोडू?" हर्षाली म्हणाली, "आज तिचा डान्स आहे, बसमध्ये मैत्रिणी थांबल्यात. उद्या." तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं तेव्हा वेदिकाच म्हणाली, "उद्या, पप्पा." तिनेही आवाज मऊ केला होता. पुढे त्याने विचारणं सोडलं. लाल गादी काढून सीटखाली, जॅकशेजारी ठेवली. "काका, मला पुढे" असं पोरं म्हणाली, तर "ती जागा बुक हाय" असंच सांगत राहिला.

एका सकाळी बस गेली आणि सोमनाथ मुकाट रिक्षा पुसत बसला. शेजारची योगिनी हर्षालीला हळूच म्हणाली, "भाऊजींनी लय मनाला लावून घेतलं होतं म्हणे?"

"पहिले काही दिवस," हर्षाली म्हणाली. "आता रुळले."